वजन झालं, पण रेष बघितली का? अंगणवाडीत बाळाची वजन-उंची करून घेण्याचा पूर्ण क्रम

टीएचआर, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायचं पोषण आहाराचं पाकीट, न्यायला आई येते, बाळ मात्र घरी आजीजवळ झोपलेलं असतं. "वजन पुढच्या खेपेला करू, ताई." पुढच्या खेपेला बाळाला सर्दी असते आणि त्याच्या पुढच्या खेपेला सगळे लग्नाला गेलेले असतात. बाळ आलंच, तर ते काट्यावर बसतं, कुणीतरी "आठ-दोन" म्हणून ओरडतं, ताई मोबाइलमध्ये आकडा भरतात आणि आई चपला घालून निघते. ८.२ किलो म्हणजे चांगलं की वाईट? मागच्या महिन्यापेक्षा जास्त की तेवढंच? हे विचारायचं राहूनच जातं.

वजनाच्या दिवशी अंगणवाडीत बसणं हा माझ्या कामाचा भाग आहे. काटा असतो, तक्ता असतो, सेविकाही बहुतेक ठिकाणी मनापासून करतात. गडबड होते ती क्रमात, आणि वजन झाल्यानंतरच्या दोन मिनिटांत. म्हणून हा लेख बाळाला घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे, मग ती आई असो, आजी असो की बाबा. खरं तर बाळाला रोज भरवणारं माणूसच सोबत असलेलं बरं. सल्ला मिळतो आईला आणि दुपारी वाटी असते आजीच्या हातात, अशी कितीतरी घरं आहेत.

## १. नाव, कार्ड आणि तारीख

सहा वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाची वजन-उंची अंगणवाडीत होते. रेशनकार्डाचा रंग, जात, घर भाड्याचं की स्वतःचं, यातलं काही आड येत नाही. बाळंतपण खासगी दवाखान्यात झालं असलं तरी नाव घालता येतं. आपल्या भागाची अंगणवाडी कुठली हे आशाताईंना विचारा.

कार्ड म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड, ज्याला घरोघरी "लसीचं कार्ड" म्हणतात. लसींच्या पानापलीकडे त्यात वाढीचे तक्ते असतात. दरमहा वजनाचा ठिपका टाकून आणि ठिपके जोडून तिथे रेष काढायची असते, पण बऱ्याच घरांत ती पानं कोरी करकरीत असतात. खासगीत जन्म झाल्यामुळे कार्ड मिळालं नसेल तर उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे मागा. खासगी डॉक्टरांची फाईल असेल तर तीही चालेल, पण नोंद एकाच जागी सलग हवी. अर्धे आकडे फाईलमध्ये, अर्धे कार्डात आणि उरलेले फक्त अंगणवाडीच्या मोबाइलमध्ये अशी वाटणी झाली की रेष कुठेच तयार होत नाही.

जन्माच्या वेळचं वजन कार्डावर आहे का बघा. नसेल तर दवाखान्याच्या डिस्चार्जच्या कागदावरून उतरवून घ्या. पहिल्या दीड महिन्यात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन वजन करतात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्याच दिवशीही येतात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात त्यांच्या भेटी असतात. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतची घट त्या दिवसांत चालते, पण दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्मवजनावर यायला हवं.

तपासा: या महिन्याच्या वजनाचा दिवस कुठला? ताईंना विचारून कॅलेंडरवर गोल करा. दोन वजनांत साधारण महिन्याचंच अंतर हवं. एकदा पाचला आणि पुढे थेट पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीसला वजन केलं तर तुलना गंडते.

## २. बाळाचं वय: पूर्ण झालेले महिने मोजा

ताई विचारतात, "केवढं झालं?" घरचे म्हणतात, "सातवा चालू आहे." म्हणजे बाळाचे सहा महिने पूर्ण झाले आहेत. तक्त्यावर ठिपका सहावर पडायला हवा आणि तो सातवर पडतो. पहिल्या वर्षात एका महिन्याची ही चूक चांगल्या बाळाला कमी वजनाचं दाखवते. उलटी चूक झाली तर कमी पडणारं बाळ ठणठणीत दिसतं, आणि ती जास्त महागात पडते.

तेव्हा तोंडी वय सांगूच नका, जन्मतारीख दाखवा. "होळीच्या आधी चार दिवस" हेही नको. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा. शाळेत ते खपून गेलं, वाढीच्या तक्त्यात नाही खपत. पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये वय जन्मतारखेवरूनच काढलं जातं. तारीख चुकीची भरली गेली असेल तर वजन ठीक की कमी हे दाखवणारा पुढचा प्रत्येक रंग चुकीचा येतो. नाव घातल्यावर एकदा ताईंच्या मोबाइलवर तारीख स्वतः वाचून बघा. मुलगा की मुलगी हेही बघा, कारण दोघांचे तक्ते वेगळे आहेत. कार्डात मुलीचा गुलाबी आणि मुलाचा निळा असतो. वर्षाच्या मुलीचं सरासरी वजन ८.९ किलो आणि मुलाचं ९.६ किलो, त्यामुळे मुलीचा ठिपका निळ्या पानावर पडला तर विनाकारण घाबरगुंडी उडते.

बाळ आठव्या महिन्यात, म्हणजे वेळेआधी जन्मलं असेल तर ते दरवेळी सांगा. दोन वर्षांचं होईपर्यंत जितके आठवडे आधी आलं तितके वयातून वजा करून तक्ता बघायचा असतो. ते गणित डॉक्टरांकडून किंवा नर्सताईंकडून एकदा करून घ्या आणि कार्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

## ३. घरून निघताना

पहिल्या तीन महिन्यांत बाळ महिन्याला पाऊण ते एक किलो वाढतं. तीन ते सहा महिन्यांत साधारण अर्धा किलो. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत महिन्याला पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोनशे ग्रॅम. आता ओला डायपर हातात घेऊन बघा. तो सहज दीड-दोनशे ग्रॅम भरतो. म्हणजे मागच्या महिन्यात उघडं आणि या महिन्यात डायपर, स्वेटर, टोपरं घालून वजन केलं, तर बाळ काडीचंही न वाढता महिनाभराची वाढ कार्डावर दिसते. थंडीत हटकून असं होतं. डिसेंबरात सगळी मुलं "वाढतात" आणि मार्चमध्ये सगळी "घटतात".

म्हणून बाळाला सहज काढता येतील असे कपडे घाला आणि वजन करताना ते काढा. लहान बाळ उघडं, मोठं मूल पातळ बनियन-चड्डीवर. चांदीचे वाळे, कमरेचा करदोटा, मनगट्या, ताईत हे सगळं उतरवा. काळा दोरा राहिला तरी चालेल, त्याचं वजन होत नाही. खरं सांगायचं तर दृष्ट लागेल म्हणून वजनच टाळणाऱ्या आजीला समजावताना हा दोरा राहू देण्याची तडजोड कामाला येते.

केसांचा बो, वेणी, वर बांधलेली शेंडी सोडा, नाहीतर उंचीत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर फुकटचा मिळतो. निघायच्या तोंडावर पोटभर पाजू नका, पण उपाशी, किरकिऱ्या बाळालाही नेऊ नका. लघवी होऊन गेलेली बरी.

थांबा: बाळाला जुलाब किंवा जोराचा ताप असेल तर आधी दवाखाना गाठा. साधी सर्दी असेल तर वजन टाळू नका. आजारी महिन्यांचे ठिपके गळाले की तक्ता गोजिरवाणा दिसतो आणि नेमकी घसरण लपते.

## ४. काटा

बाळ ठेवण्याआधी काट्याकडे बघा. डिजिटल काटा सपाट, कडक फरशीवर हवा. सतरंजीवर किंवा चटईवर ठेवला की आकडा हलतो. रिकाम्या काट्यावर ०.० दिसलं पाहिजे. लटकता काटा असेल तर रिकामी झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आणायचा असतो. झोळीसकट वजन लिहिणं ही तिथली जुनीच चूक आहे. आकडा वाचताना डोळे काट्याच्या उंचीला आणा. वरून किंवा खालून बघितलं की शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात.

काट्याबद्दल शंका असेल तर भांडण नको. किराण्यातली एक किलो मिठाची बंद पुडी न्या आणि ताईंना म्हणा, "ही ठेवून बघू या?" एक किलोला १.३ दाखवलं तर काटा बिघडला आहे, आणि ताईंनाही ते वर कळवायला कारण मिळतं.

बाळ काट्यावर फार रडत, पाय झाडत असेल तर आईसकट वजन करायची सोय वापरा. आधी आईने एकटीने उभं राहायचं, काटा शून्य करायचा, मग बाळ कडेवर घ्यायचं. मधल्या वेळात आईने खाली उतरायचं नाही आणि बाळाचा पाय दुसऱ्या कुणी धरायचा नाही.

आकडा स्थिर झाल्यावर मोठ्याने वाचून घ्या आणि लगेच कार्डावर लिहा. "नंतर लिहिते" म्हटलेला आकडा ८.२ चा ८.७ व्हायला वेळ लागत नाही.

घरचा न्हाणीघरातला काटा, दुकानातला धान्याचा काटा, दवाखान्यातला काटा असे तीन ठिकाणचे आकडे एका रेषेत गुंफू नका. दरमहा तोच काटा.

## ५. लांबी आणि उंची

वजन एकवेळ होतं, उंची मात्र सर्रास टाळली जाते. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि जवळपास २६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. या दोन्ही गोष्टी उंची मोजल्याशिवाय दिसतच नाहीत. नुसतं वय आणि वजन ताडून बघितलं तर बुटकं पण भरलेलं मूल आणि उंच पण खंगलेलं मूल एकाच ठिपक्यावर येऊन बसतात.

दोन वर्षांच्या आतलं बाळ आडवं, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाटीवर मोजतात. दोन वर्षांनंतर उभं. एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त भरते. म्हणून दोन वर्षांच्या आतलं मूल उभं करून मोजावं लागलं तर ०.७ मिळवायचे आणि मोठं मूल आडवं मोजलं तर ०.७ वजा करायचे.

आडवं मोजायला दोन माणसं लागतातच. तुम्ही डोक्याच्या बाजूला बसा. बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरून वरच्या पाटीला टेकवा, नजर सरळ वर. ताई गुडघे हलके दाबून पाय सरळ करतात आणि खालची पाटी तळव्यांना चिकटवतात. तळवा सपाट टेकला पाहिजे. नुसती बोटं टेकली तर लांबी वाढीव येते. बाळ रडणार. रडू द्या, दहा सेकंदांचं काम आहे. त्याची कीव येऊन गुडघा वाकलेला असतानाच आकडा घेतला तर दोन सेंटिमीटर गेलेच.

उभं मोजताना चप्पल-मोजे काढून टाचा, पोटऱ्या, ढुंगण, पाठ आणि डोक्याचा मागचा भाग फळीला टेकवा. नजर समोर. हनुवटी वर गेली की उंची चुकते. भिंतीवर चिकटवलेली कागदी पट्टी असेल तर ती खरोखर जमिनीपासून सुरू होते का बघा. फरशीच्या कडेच्या पट्टीवरून सुरू झालेली कागदी पट्टी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तिथलं प्रत्येक मूल तेवढं बुटकं ठरतं.

तपासा: उंची कधी कमी होत नाही. मागच्या महिन्यापेक्षा कमी आली तर दोनपैकी एक माप चुकलं आहे, पुन्हा मोजा. दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, त्यामुळे एकदम चार सेंटिमीटरची उडीही संशयास्पदच. उंचीत दोन सेंटिमीटरची चूक झाली तर त्या उंचीला अपेक्षित वजन सुमारे चारशे ग्रॅमनी बदलतं, आणि एवढ्यात मूल एका रंगातून दुसऱ्या रंगात जाऊ शकतं.

## ६. दंडाचा घेर आणि पावलांची सूज

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर रंगीत पट्टीने मोजतात. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. पट्टी कातडीला टेकावी पण रुतू नये. ११.५ सेंमीच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यावर हिरवा.

सूज बघायला दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा पडून राहिला तर वजन कितीही असो, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सुजेचं पाणी काट्यावर वजन म्हणूनच दिसतं, त्यामुळे असं मूल हिरव्यातही सापडतं. "अंग धरलंय" म्हणून घरचे खूश असतात, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा.

## ७. ठिपका आणि रेष

आता ती दोन मिनिटं. वजन झाल्यावर निघायचं नाही. कार्ड उघडा, खालच्या आडव्या ओळीत पूर्ण झालेला महिना शोधा, डावीकडच्या उभ्या ओळीत वजन शोधा, दोन्ही जिथे भेटतात तिथे ठिपका. मग मागच्या महिन्याच्या ठिपक्याला तो रेषेने जोडा. ताईंना वेळ नसेल तर पेन घेऊन तुम्हीच करा, ते तुमचंच कार्ड आहे.

सगळेजण बघतात रंग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कमी, त्याखालचा नारिंगी किंवा लाल म्हणजे खूप कमी. हिरवा दिसला की विषय संपतो आणि घोटाळा तिथेच होतो. उदाहरण म्हणून एका मुलीचे आकडे घेऊ. सहा महिने पूर्ण, वजन ७.० किलो. त्या वयाची सरासरी ७.३, म्हणजे उत्तम. सातव्याला ७.२. आठव्याला ७.२. नवव्याला ७.३. दहाव्याला पुन्हा ७.२.

दहा महिन्यांच्या मुलीसाठी पिवळा पट्टा ६.७ किलोच्या खाली सुरू होतो. म्हणजे ही मुलगी पाचही महिने हिरव्यात आहे आणि अ‍ॅपमध्येही "सामान्य" दिसते. पण सातव्या महिन्यानंतर ती वाढलेलीच नाही. बाजूची छापील रेष वर चढत गेली आणि हिची आडवी पडली. वजन असंच राहिलं तर ती पिवळ्यात जाईल वाढदिवस उलटून गेल्यावर, आणि तेव्हा सगळे म्हणतील, "अचानक कमी झालं." अचानक काही नव्हतं. सहाव्या महिन्यानंतर वरचं अन्न नीट सुरू झालं नाही ते तेव्हाच रेषेत दिसत होतं.

म्हणून दरवेळी रंगाच्या आधी दिशा बघा.

रेष छापील वळणासोबत वर जात असेल तर मूल तक्त्यात खालच्या बाजूला असलं तरी बहुधा ठीक आहे. काही मुलं जन्मतः लहान असतात आणि आपल्या वळणाने वाढतात. "बापावर गेलंय, काटकुळंच आहे" हे फक्त अशा मुलाबद्दल खरं असू शकतं.

रेष आडवी पडली तर, पहिल्या सहा महिन्यांत एकच महिना पुरे, लगेच विचारणा करा. त्यानंतर सलग दोन महिने आडवी राहिली तर थांबायचं नाही. "दात येतायत", "चालायला लागलाय म्हणून" ही कारणं दोन महिने पुरत नाहीत.

रेष खाली आली तर रंग कुठलाही असो, त्याच आठवड्यात दाखवा.

आणि रेष छापील वळणं ओलांडत भराभर वर निघाली असेल, उंचीच्या मानाने वजन फारच जास्त दिसत असेल, तर तेही सांगा. शहरातल्या घरांत हल्ली हे बऱ्यापैकी दिसतं आणि "गुटगुटीत" म्हणून कौतुकात जिरतं.

निघण्याआधी ताईंना तीन प्रश्न: मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं? वजन-वय, उंची-वय आणि वजन-उंची या तिन्हीत काय दिसतंय? पुढचं वजन कधी? पोषण ट्रॅकरमध्ये तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात, म्हणून "सगळं ठीक आहे" एवढ्यावर निघू नका.

## ८. रेष आडवी असेल तर घरी काय बदलायचं

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचं दूध. वजन कमी वाढलं की घरात पहिली सूचना येते ती वरच्या दुधाची, दुसरी घुट्टीची. दोन्ही थांबवा. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजलं जातं का, बाळाने स्तनाचा काळा भाग तोंडात नीट घेतलाय का, दिवसाला सहा तरी लघव्या होतात का, हे नर्सताईंना किंवा आशाताईंना समोर बसवून दाखवा. निम्म्या अडचणी पाजण्याच्या पद्धतीत सापडतात.

सहा महिन्यांनंतर बहुतेक वेळा दोष पातळपणाचा असतो. डाळीचं पाणी, भाताची पेज, वरणावरचं पाणी यांनी पोट भरतं आणि ताकद मिळत नाही. मऊ भात आणि घट्ट वरण हाताने कुस्करा, चमचा वाकडा केला तरी पटकन ओघळू नये इतकं घट्ट ठेवा. वर चमचाभर तूप किंवा तेल. बारीक केलेला शेंगदाण्याचा कूट, उकडलेलं अंडं कुस्करून, नाचणीचं सत्त्व दुधात, केळं, यातलं घरात असेल ते. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत सुरू ठेवा. वर्षाच्या आत मध चाटवू नका.

बाळाची वाटी वेगळी ठेवा. आईच्या ताटातून भरवलेलं किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. वाटी असली की "अर्धी खाल्ली" असं ठाम सांगता येतं, आणि डॉक्टरही तेच विचारतात.

टीएचआरचं पाकीट सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी आहे. ते सगळ्या घरात वाटलं गेलं की बाळाच्या वाट्याला दोन चमचे येतात. चव आवडत नसेल तर त्यात गूळ-तूप घालून लाडू करा, थालीपीठ लावा, पण ते त्याच्याच पोटात जाऊ द्या. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पाच रुपयांची चटकदार पाकिटं जेवणाआधी बंद. त्यांच्यामुळे भूक मरते आणि मग "हा खातच नाही" ही तक्रार सुरू होते.

आजारपणात आणि त्यानंतर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. जुलाबात ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करा. जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करणं ही सगळीकडची सवय आहे.

महिनाभर हे मनापासून करूनही रेष हलली नाही तर अन्नाला दोष देणं थांबवा आणि मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. रक्त कमी असणं, जंत, लघवीतला जंतुसंसर्ग, हृदयाचा दोष, घरात कुणाला टीबी असणं, अशी कारणं तपासणीशिवाय कळत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मूल हजर ठेवा, पण त्याच्यासाठी महिनोन्‌महिने थांबू नका.

## ९. "सॅम" किंवा "मॅम" सांगितलं तर

उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दंडघेर ११.५ सेंमीखाली, किंवा दोन्ही पावलांवर सूज, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. त्याच्या अलीकडची पायरी मॅम. हे ऐकलं की घरचे दोनपैकी एक करतात. एकतर ताईंवर चिडतात, "आमच्या पोराला कुपोषित म्हणता?", नाहीतर उद्यापासून मुलाला अंगणवाडीत आणणंच बंद करतात. नाव यादीत आलं म्हणून कुणाची अब्रू जात नाही. यादीत आल्यामुळेच पुढची मदत मिळते.

आधी माप पुन्हा करून घ्या, कपडे आणि गुडघा दोन्ही तपासून. खरंच सॅम असेल तर नर्सताई किंवा डॉक्टर तपासून दोन गोष्टी बघतात: मुलाला भूक आहे का, आणि दुसरा आजार आहे का. भूक चांगली आणि आजार नसेल तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे बहुधा अंगणवाडीतच, दिवसातून अनेकदा जास्त ताकदीचा आहार आणि औषधं दिली जातात. तिथे रोज न्यावं लागतं. चार दिवस नेऊन पाचव्या दिवशी खंड पाडला तर उपयोग होत नाही.

भूक मेली असेल, ताप, जुलाब, धाप, सूज किंवा सुस्ती असेल तर मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा बाल उपचार केंद्रात भरती करतात. पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावं लागतं. सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. भरतीच्या वेळीच त्याबद्दल विचारा आणि बँक पासबुकाची प्रत सोबत ठेवा. घरी दुसरं लहान मूल असेल तर त्याची व्यवस्था भरतीआधीच लावा. पाचव्या-सहाव्या दिवशी अर्धवट सोडून येणाऱ्या बहुतेक आयांमागे हेच कारण असतं, उपचार पटला नाही हे क्वचित.

थांबा: मूल सुस्त पडलं, दूध ओढत नाही, झटके आले, धाप लागली, तर ताईंची किंवा वजनाच्या दिवसाची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

## १०. माहेर, ऊसतोड, वीटभट्टी

वजनाची साखळी सर्वांत जास्त इथे तुटते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते आणि तीन-चार महिने बाळाचं नाव सासरच्या अंगणवाडीत आणि बाळ माहेरी असतं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात परततात. मधल्या सहा महिन्यांचे ठिपके गायब, आणि नेमकी त्याच काळात मुलं घसरतात.

निघण्याआधी आपल्या ताईंना सांगा की कुठे चाललोय, कुठला तालुका, किती महिने. पोषण ट्रॅकरमध्ये नाव दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येतं आणि स्थलांतरित कुटुंबांची नोंद ठेवायला राज्याची वेगळी प्रणालीही आहे. नवीन गावात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथली अंगणवाडी शोधा. "तुमचं नाव आमच्याकडे नाही" असं ऐकू आलं तर शांतपणे सांगा की मूल इथे आहे, तेव्हा वजन इथेच व्हायला हवं. तरीही जमलं नाही तर पर्यवेक्षिकेचा नंबर मागा किंवा पोषण हेल्पलाइन १४४०८ वर फोन करा.

मूळ कार्ड सोबतच न्या, पेटीत ठेवून जाऊ नका. फडावर पावसाने, चुलीजवळ धुराने कार्डं खराब होतात, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. तक्त्याच्या पानाचा दरमहा मोबाइलवर फोटो काढा आणि तो बाळाच्या बाबांना किंवा मामाला पाठवून ठेवा. कार्ड हरवलं तर नवं कार्ड मिळतं. जुने ठिपके मात्र त्या फोटोवरूनच पुन्हा भरता येतात.